शून्य अंड्यांची गल्ली

सगळी वस्ती तिला डासवाली म्हणायची. डेंग्यूच्या संशोधन प्रकल्पात अकरा वर्षं राबून तिने मिळवलेली ही एवढीच पदवी.

काम ऐकायला सोपं. घरोघरी एक काळा पेला ठेवायचा, त्यात पाणी आणि पाण्यात अर्धी बुडेल अशी खरबरीत कागदाची पट्टी. डासाची मादी त्या पट्टीवर अंडी घालते. आठवड्याने पट्टी न्यायची, भिंगाखाली अंडी मोजायची. ज्या गल्लीत अंडी जास्त, तिथे फवारणीची माणसं आधी जातात. लोकांनी फक्त पेल्याला हात लावायचा नाही. आणि नेमकं तेवढंच लोकांना जमत नसे!

कुणी त्यात चमचे ठेवी, कुणी दात घासायचे ब्रश. एका निवृत्त मास्तरांनी त्यात मनीप्लांट लावला आणि वर तिलाच सुनावलं, "पाणी साचवू नका म्हणून तुम्हीच सांगता, आणि साचलेलं पाणीही तुम्हीच आणून ठेवता?" समजावून समजावून तिच्या तोंडाला फेस आला होता.

तिची स्वतःची गल्ली तेवढी शहाणी होती. बारा घरं, चौदा आठवडे, अंडी शून्य. प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, घरापासून सुरुवात करावी ती अशी." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या पट्ट्यांना साबणाचा वास यायचा, हे काही तिच्या नाकातून सुटलं नव्हतं. पण कौतुक चालू असताना असल्या भानगडीत कोण पडतं? फवारणीच्या यादीत तिची गल्ली पार तळाला गेली.

पंधराव्या आठवड्यात तिच्या आठ वर्षांच्या लेकीला ताप भरला. रक्त तपासलं, डेंग्यूच निघाला, तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. गल्लीतली आणखी दोन माणसं त्याच वॉर्डात होती. मुलीच्या प्लेटलेट्स रोज घसरत होत्या आणि नवरा तिच्या उशाशी बसून होता.

मुलीचे कपडे न्यायला ती दुपारी घरी आली, तर सासूबाई मोरीत बसून ब्रशने काहीतरी खसाखसा घासत होत्या. जवळ जाऊन बघते, तर ती पट्टी!

"आई, हे काय करताय?"

"धुतेय. आज तुझा पट्ट्या न्यायचा वार ना?"

"कधीपासून धुताय?"

"पहिल्यापासून. डासवालीच्याच घरात डास निघाले, तर लोक तोंडात शेण नाही का घालणार तुझ्या? शेजारणींनाही सांगून ठेवलंय. सगळ्याजणी धुतात. तुझ्यासाठीच गं!"

तिला ओरडावंसं वाटत होतं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. जगाला शिकवत फिरली, आणि घरात हा उजेड! मग तिने पिशवीतून नोंदवही काढली. गल्लीचे चौदाही आठवडे तिने रेघ मारून खोडले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पट्ट्या घरच्यांनी धुतल्या.'

सासूबाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांना सगळं कळायला वेळ लागला, पण कळलं. त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला.

"घरच्यांनी कशाला? सासूने, असं लिही," त्या म्हणाल्या. "पोरीला मीच निजवलं गं वॉर्डात."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. प्लेटलेट्सचा आजचा आकडा कालच्या एवढाच होता, खाली गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस काही सांगता येत नाही.

फोन ठेवून तिने पुन्हा पेन उचललं. 'घरच्यांनी' तिने तसंच ठेवलं. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि सासूबाईंना वाचता यावी म्हणून वही त्यांच्यापुढे सरकवली.

'साबणाचा वास मला पहिल्या आठवड्यापासून येत होता.'