काय झाले ते कळवावे

सन १९७३, माघ महिना, आणि मला बासष्टावं चालू होतं. दुपारचा गिरणीच्या ओट्यावर बसलो होतो, तर पोस्टमनने कार्ड हातात दिलं. पत्त्यावर अक्षर माझंच. मला आनंद झाला, कारण पारनेरच्या शांतवन मास्तरांना अडचण कळवायची तर मी जवाबी कार्ड पाठवत असे. त्यात दोन कार्डं जोडलेली असतात. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं सोडायचं, समोरच्याने उत्तर लिहून पेटीत टाकायचं. आमच्यात मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे हातात घेतानाच कळतं. या कार्डाचे चारी कोपरे शाबूत होते. मास्तर ख्रिस्ती, त्यांच्यात ती रीत नाही, हे मला कुठं ठाऊक. उत्तर आलं म्हणून मी घाई न करता घरात गेलो, तांब्याभर पाणी प्यालो, चष्मा पुसला, आणि मग वाचायला घेतलं... अक्षर बाईचं होतं. मास्तर गेले होते.

आज दीड महिना झाला. मी दुसरी पास, तिसरीत शाळा सोडलेला माणूस, काष्टीला दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर तीस वर्षं इंजिन सांभाळलं. मास्तरांबद्दल लिहिणारे शिकलेले लोक पुष्कळ असतील. पण त्यांना जे कळवायचं राहिलं ते माझंच राहिलं, म्हणून लिहितो.

घरात एक ट्रान्झिस्टर होता, मंडळींचा. ती चूल पेटवायच्या आधी तो लावायची. ती वारली आणि पुढच्या उन्हाळ्यात तोही मुका झाला. पोरगा ठाण्याला. घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नाही. नगरला दुकानात नेला, तर दुकानदार न उघडताच म्हणाला, "आजोबा, भंगारात घाला." मी रेडिओ पिशवीत घातला आणि त्याला सांगितलं, "तुझ्याबिगर बोलता करतो का न्हाई बघ." बोलून तर बसलो. मग पोस्टाने शिकवणारा रेडिओ दुरुस्तीचा कोर्स घेतला. महिन्याला एक पाठ यायचा, पाठामागे दहा प्रश्न, त्यांची उत्तरं लिहून धाडायची. चौथ्या पाठाला माझं डोकं चालेना. कोर्सवाल्यांचं एक पत्रक येई, त्यात शेवटच्या पानावर शिकणाऱ्यांच्या अडचणी नावगावासकट छापत. ज्याला येत असेल त्याने कार्डाने कळवायचं. मी लिहिलं, 'पाठ चार, दहाही प्रश्नांची उत्तरे ताबडतोब पाठवा.' छापून आलं. महिनाभर कुणी विचारलं नाही. मग पारनेरहून एकच कार्ड आलं: 'आपण काय करून पाहिले? कुठे अडले? लिहावे.'

माझं डोकं फिरलं. बाजाराच्या दिवशी गिरणीवर गर्दी, तेवढा तो सोडून दुसऱ्याच दिवशी एसटीने पारनेर गाठलं. शाळेतले मास्तर, चाळिशीचे, बारीक अंगाचे, दारात सायकलची साखळी बसवत होते.

"कार्ड लिहिनारा मास्तर कुठाय?"

"मीच. तुमी काष्टीचे आबा ना? पाठ चौथा." हात पुसत त्यांनी पाट दिला. "बसा. काय करून बघितलं?"

"मला उत्तर पायजे, परीक्षा न्हाई द्यायची."

"देतो की. पण आबा, तुमी नगरचा रस्ता इचारता आन् उभे कुठं हाय ते सांगत न्हाई. मी कुठनं चालू करू?"

आतून त्यांची मंडळी चहा घेऊन आली. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका आबा. हे मेल्यावर देवालासुद्धा इचारतील, तुमी काय करून बघितलं म्हनून." मास्तर हसले. मी नाही हसलो, पण चहा घेतला. मग मास्तरांनी मला तासभर बोलतं केलं. दहापैकी सहा मला येतच होते, मी लिहायला भीत होतो एवढंच. निघताना म्हणाले, "एका वक्ताला एक अडचन लिवा. काय केलं, मग काय झालं, तेबी लिवा. आन् जवाबी कार्ड धाडा, माझा पगार पोस्टात जातो." शेवटचं बोलताना आवाज मिस्कील होता, तरी मला लागलं. त्या दिवसापासून साधं कार्ड मी धाडलं नाही.

वर्ष-सव्वा वर्ष कार्डं चालली. पाऊस नव्हता, दळणाला यायची ती रेशनवरची अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, अर्धा दिवस इंजिन बंदच. त्या वेळात मी पाटावर कार्ड ठेवून एकेक अक्षर काढायचो. उत्तर चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं, चार ओळींचं, आणि खाली नेमाने एक वाक्य: 'काय झाले ते कळवावे.' ते मी कधी कळवलं नाही. सुटलं की माझं काम झालं, मी पुढचं विचारायचो. एकदा त्यांनी लिहिलं, 'मागचे सुटले काय? समजले नाही.' त्यालाही मी गप्प. सुटलं म्हणून लिहायचं तर 'तुमच्यामुळे' असं लिहावं लागणार, आणि ते माझ्या हातून उतरेना.

त्यांच्याच सांगण्यावरून रेडिओतली तुटकी तार सापडली. मी कथलाचा डाग देऊन ती जोडली आणि रेडिओ बोलला. पण दहा मिनिटं चालायचा आणि आवाज बसायचा, गार झाला की परत चालायचा. कळवलं. त्यांनी लिहिलं, 'जोडलेल्या जागी डाग पक्का बसला का, ते पाहावे.' मी उलट टपाली लिहिलं, 'तीस वर्षे इंजिन सांभाळतो. डाग द्यायला मला शिकवू नये.' ते रागावले नाहीत. पुढच्या कार्डात डागाचं नावही काढलं नाही, दुसरं काय काय तपासता येईल ते सांगत राहिले, आणि मी ते तपासत राहिलो.

पौष सरता सरता मी शेवटची अडचण लिहिली. सेल बदलले, स्पीकर बदलून पाहिला, तारा हलवून पाहिल्या, किती मिनिटांनी आवाज जातो, किती वेळाने येतो, सगळं ओळीने लिहिलं. इतकं नीट मी कधीच लिहिलं नव्हतं. एक गोष्ट मात्र केली नव्हती आणि म्हणून लिहिलीही नव्हती. त्याच्या उत्तराचं अर्धं म्हणजे माघात हातात पडलेलं ते कार्ड. बाईंनी लिहिलं होतं: 'तुमचे कार्ड आले तेव्हा हे अंथरुणावर होते. दोनदा वाचून दाखवले. म्हणाले, आबांनी आता नीट विचारलंय, एकच जागा राहिलीये, ती त्यांची त्यांना सापडेल. उत्तर सांगायचे राहिले. बुधवारी प्रभूकडे गेले. तुमचा पत्ता घातलेले कार्ड कोरे ठेवणे बरे वाटेना, म्हणून लिहिते.'

असलं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून फाडतात. मी फाडलं नाही. खुंटीशेजारी तारेच्या आकड्याला मास्तरांची सगळी कार्डं ओवलेली आहेत, त्यांच्यावर तेही ओवलं. संध्याकाळी रेडिओ लावला नाही. विचारायला आता कुणी नव्हतं, आणि विचारायचं कसं ते तर मला नुकतं कुठं जमलं होतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटवली, रेडिओ उघडला आणि लावून ठेवला. आवाज बसला तशी पेन्सिलीच्या बोथट टोकाने माझा डाग दाबला. आवाज आला. पेन्सिल उचलली, गेला. परत दाबली, आला. डाग वरून चकचकीत आणि खालून सुटा होता. तो खरवडला, लोखंड तापवून नवा दिला, आणि रेडिओ तासभर चालू ठेवला. एकदाही बसला नाही. मग पेटीतलं जवाबी कार्ड काढलं आणि बाईंच्या नावे लिहिलं: 'दोष सापडला. डाग माझाच कच्चा होता. मास्तरांनी सांगितलेलेच खरे. तार सापडली तीही त्यांच्यामुळेच. मास्तरांना कळवावे.' या खेपेला विचारायचं काही नव्हतं, म्हणून उत्तराचं अर्धं कार्ड फाडून वेगळं केलं, ते कोरंच तारेला ओवलं, आणि लिहिलेलं अर्धं टपालपेटीत टाकायला चालत स्टँडवर गेलो.