बॉम्ब हा शब्द तिचा होता

सुजातावर अन्याय झाला तो १९९७ च्या मार्चमध्ये, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत, भर दुपारी, मोर्चासमोर. झाला नाही, मी केला. 'झाला' म्हणायची सवय आम्हा पत्रकं लिहिणाऱ्यांना फार. जणू अन्याय आपोआप होतात! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. संघटनेला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण त्या दुपारी माझं पत्रक तुमच्याच हातात होतं.

सुजाता संगमनेरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. अकोल्याकडची, बौद्ध घरातली, फिजिक्समध्ये आम्हा सगळ्यांच्या पुढे आणि तोंडाने तिखट. पुढचं शिकून आली आणि सुप्यात लहानशी शेड भाड्याने घेऊन स्फटिक वाढवायला लागली. गॅलियम नायट्राइडचे. त्यांच्यावर निळा उजेड देणारे दिवे तयार होतील, म्हणायची.

मी तिथे गेलो होतो — हेच लपवलं मी. तुम्हाला वाटतं, मी ती शेड बाहेरूनच पाहिली. नाही. आत बसून तिच्या हातचा चहा प्यायलोय. तिने मला सगळं दाखवलं. जाड पोलादी नळकांडं, आत अमोनिया. तो इतका तापवायचा, इतका दाबात ठेवायचा, की धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही नाही. मग त्यात नायट्राइड विरघळतं आणि तारेला टांगलेल्या इवल्याशा बीजस्फटिकावर थराथराने बसत जातं. आठवडेच्या आठवडे. मध्येच उष्णता तुटली, की सगळं वाया.

"ह्याला आम्ही बॉम्ब म्हणतो," कोपऱ्यातल्या रिकाम्या नळकांड्यावर थाप मारत ती म्हणाली. "घाबरू नको रे पुढाऱ्या. दाबाच्या भांड्याला लॅबमध्ये म्हणतातच तसं. फुटू नये म्हणून तर एवढं जाड!"

मी हसलो. मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

आणि तरी पत्रकात काय छापलं? 'सुप्याच्या वस्तीशेजारी बॉम्ब! आत अमोनिया! त्यांच्याच तोंडची कबुली!' एकही शब्द खोटा नाही, बघा. असलं खोटं मला छान जमतं. का केलं? संघटना थंड पडली होती. ज्यांच्या धुरावर बोलायला हवं होतं, त्या कारखान्यांचे मालक मोठे होते आणि ही एकटी होती. एवढंच. ह्यापेक्षा मोठं कारण शोधू नका. नाहीये.

अजून एक आहे. पत्रकात तिचं नाव मी आडनावासकट छापलं. शेडच्या मालकाचं छापलंच नाही. त्याचं आडनाव आणि माझं आडनाव एकच. तिचं आडनाव वाचल्यावर गावात कोण काय बोलेल, हे मला ठाऊक नव्हतं? समतेवर भाषणं ठोकणाऱ्या मला?

मोर्चा शेडच्या फाटकाशी आला. मागून कुणीतरी ओरडलं, "बॉम्ब हाय व्हय आत? अन् तो ह्यांच्या पोरीच्या हातात?" लोक हसले. मी त्यांना थांबवलं नाही. एक म्हातारेबुवा तेवढे पुढे आले आणि मला म्हणाले, "आरं, दूध थंड करायला डेअरीत आमोनियाच हाय की. त्यो काय गोड हाय?" बरोबर प्रश्न होता. डेअरीतला अमोनिया तिच्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण डेअरी आपल्या लोकांची ना!

सुजाता फाटकाच्या आत उभी होती. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग ना त्यांना. बॉम्ब म्हणजे काय, ते तुला माहितीये."

मी मूठ वर केली आणि घोषणा दिली. म्हातारेबुवांचा प्रश्नही त्यात बुडाला, तिचं बोलणंही.

मग दगड सुरू झाले. ती पळत आत गेली आणि तिने स्वतःच्या हाताने हीटर बंद केला. वाढत असलेला स्फटिक मेला. का बंद केला? दाब उतरावा म्हणून. तो चढलेला असताना एखादा दगड पाइपला लागला असता, तर वायू बाहेरच्यांच्या डोळ्यांत गेला असता. म्हणजे तुमच्या. माझ्या. आणि आम्ही काय केलं? गुलाल उधळला. 'लढ्याचा विजय' म्हणून!

आठवड्याभरात मालकाने शेड रिकामी करून घेतली. ती जिल्हा सोडून गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि आता तिच्या दारात जाऊन रडायचा हक्कही नाही.

मला माफी नको. पण पुढचं पत्रक घेऊन मी येईन. येणारच, मला तेवढंच येतं. तेव्हा ते हातात घेऊ नका. आधी चारचौघांत माझी कॉलर धरा आणि विचारा, 'ह्यातलं तुला काय माहीत आहे, जे तू छापलं नाहीस?' मी घोषणा देईन. तुम्ही मूठ वर करू नका. विचारत राहा.