केसांना नमस्कार

बस्त्याला आलेल्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या केसांना हळदकुंकू लावलं. कपाळाला नाही. केसांना. मग दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

शिरूरच्या बाजारपेठेतलं साड्यांचं दुकान. मी तिथं साड्या दाखवायच्या कामावर होते. लग्नाचा बस्ता म्हणजे अख्खं घर येतं. नवरदेवाची आई, चुलत्या, मावश्या, करवल्या आणि सगळ्यांच्या पुढं मानाची आजी. पांढऱ्या गाद्यांवर ऐसपैस बसतात. चहा येतो. आम्ही मुली आरशासमोर उभ्या राहून एकेक साडी अंगावर लावून दाखवतो. पदर डोक्यावरून घ्यायचा, वळायचं, हसायचं, उतरवायची, पुढची घ्यायची. हलते पुतळे. बोलायची गरज नसते. आमच्याकडे कुणी बघतही नाही, साडीकडे बघतात.

माझे केस जन्मापासून कुरळे. लाटा पडतात तसले नाहीत. बारीक, दाट, ओढले तर लांब होणारे आणि सोडले की परत जागेवर जाणारे. सकाळी अंबाडा कितीही घट्ट बांधला तरी दुपारपर्यंत मानेवरचे केस सुटायचे आणि साड्यांच्या काठांना घासून घासून त्यांचा गोळा व्हायचा. त्या दिवशी एक पैठणी उतरवताना जरीत माझं रबर अडकलं आणि तुटलं. केस मोकळे झाले. मानेवरचा गुंता तसाच लोंबत राहिला.

गादीवरच्या आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"थांबा गं. जट हाय पोरीला. देवीची हाय ही."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. बस्ता झाल्यावर बायकांना लावायला दुकानात हळदकुंकवाचा करंडा ठेवलेला असतो. त्यांनी तो मागवला.

"आजी, जट न्हाई. गुंता झालाय नुसता," मी म्हणाले.

ऐकलं कुणी? त्यांनी माझ्या मानेवरचे केस हातात घेतले, चिमूट सोडली, पुटपुटल्या. एक करवली मोबाईल वर धरून शूटिंग करत होती. आजींचा हात अजून माझ्या केसांतच होता. मायेनं विचारलं,

"कुठली गं तू? कुणाची?"

"यवतची. कॅनॉलपलीकडच्या वस्तीतली."

आमच्या भागात एवढं पुरतं. आडनाव सांगावं लागत नाही.

हात निघाला. आधी पदराला पुसला. मग सुनेला म्हणाल्या, "हातावर पाणी घाल गं." आणि वहिनींना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, "दुसऱ्या पोरीला सांगा साड्या दावायला."

केसांना नमस्कार. माझा विटाळ. एकाच हातानं, हळदकुंकू बोटांवर असतानाच.

नवरदेवाची आई साडीचा पोत चाचपत होती. माझ्यासोबतच्या मुली खाली मान घालून घड्या घालत होत्या. मी आरशात पाहिलं. माझ्या केसांत कुंकू होतं, खांद्यावर हळद सांडली होती. इतकी माणसं असलेल्या दुकानात आरशात मला फक्त मीच दिसत होते. मी पैठणीची घडी घातली, कारण हातातलं काम तेवढंच होतं.

जट हा शब्द माझ्या घरात हळू आवाजात बोलला जायचा. आईच्या एका चुलतीला जट आली म्हणून देवाला सोडलं होतं. लग्न नाही, घर नाही. हातात परडी, दारोदार जोगवा. दिवसा मोठ्या घरच्या बायका तिच्या पाया पडायच्या. बाकीचं आई सांगायची नाही. त्या भीतीपायी माझी आई रोज सकाळी मला दोन गुडघ्यांत दाबून बसवायची आणि बारीक दाताच्या फणीनं माझे कोरडे केस विंचरायची. मुळापासून खाली, सगळं बळ लावून. केस तडातड तुटायचे. मी किंचाळायचे. "रड, पण हालू नगं," आई म्हणायची, आणि स्वतःही रडायची. कुरळे केस कोरडे विंचरायचे नसतात, ते ओलेच, टोकाकडून, बोटांनी सोडवायचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आमच्याकडे असले केस होते ते फक्त माझ्या बापाचे, आणि तो मी शाळेत जायच्या आधीच गेला.

दुकान बंद व्हायच्या वेळी वहिनींनी मला बोलावलं. वहिनी वाईट नाहीत असं सगळे म्हणतात.

"मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारी माणसं असतात. पण गिऱ्हाईक आहे ते. तू एक कर, हे केस सरळ करून घे. माझ्या पार्लरवालीला सांगते मी. नाहीतर मग गोडाऊनला जा, तिथंही माणूस लागतंच."

हातावर घातलेल्या पाण्याबद्दल एक शब्द नाही. दोष केसांवर टाकून मोकळ्या झाल्या. आणि खरं सांगते, मलाही त्यानं बरं वाटलं. केसांचाच दोष असेल तर चांगलंच की. केस बदलता येतात.

हायवेला लागून काचेच्या दाराचं पार्लर होतं. पार्लरवालीनं हातमोजे घातले, पांढरं क्रीम डोक्यावर थापलं. फोडणीत मिरची करपल्यावर घशात जातो तसा ठसका आला. डोळ्यांतून पाणी. कानामागं आग व्हायला लागली. मी सांगितलं, भाजतंय.

"थोडं सहन कर गं. काम करतंय म्हणून तर चुरचुरतंय."

मग धुणं, मग गरम प्लेटमध्ये धरून एकेक बट ओढणं. धूर निघत होता. उठले तेव्हा आरशात एक मुलगी होती, तिचे केस पाण्यासारखे सरळ खाली पडले होते. ती छान दिसत होती. मला तिच्याशी काय बोलावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "आता कशी माणसांत आल्यासारखी दिसतीस."

मला पुढच्या, मोठ्या आरशासमोर उभं केलं. गिऱ्हाईक हसून बोलायला लागलं. डबा मात्र माझा वेगळाच राहिला. मुली मागच्या खोलीत गोल करून बसायच्या, एकमेकींची भाजी वाटून घ्यायच्या. मी आले की गोल थोडा आवळायचा. केस सरळ झाले म्हणून त्यात जागा झाली नाही. मी पायरीवर बसून खायचे आणि बाजारपेठेमागच्या माझ्या खोलीवर जायचे. तिथं तर बोलायला भिंतीच होत्या.

सुट्टीला घरी गेले. चौफुल्याला गाडी बदलून यवतला उतरले. आई स्टँडवर घ्यायला आली होती. माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मागं बघायला लागली, मी कुठं आहे म्हणून.

"आई," मी म्हणाले.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात सरळ खाली घसरला, कुठं अडकलाच नाही. तिनं तो काढून घेतला.

"तुज्या बापाचं येवढंच राह्यलं हुतं तुज्यापाशी," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. घरी जाईपर्यंत ती दोन पावलं पुढंच चालत राहिली. दुकानाला मी आवडत होते, कारण ती मी नव्हते. आणि आईच्या हाताला मी सापडत नव्हते. एवढं एकटं मला बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान आम्ही दोघी होतो.

पुढं केस तुटायला लागले. कानामागच्या भाजलेल्या जागेवर खपली धरली, ती पडली आणि तिथं केस आलेच नाहीत. मुळाशी नवे केस उगवले ते कुरळेच. वर माझे, खाली पार्लरचे. जिथं दोन्ही मिळायचे तिथून केस मोडायचे. रोज उशीवर तुकडे. पार्लरवालीला विचारलं तर म्हणाली, "टच-अप करायचा. मुळं वर आली की परत करायचा. सोडता येत नाही मग."

म्हणजे जन्मभर. आतून मी उगवत राहणार, आणि मी उगवले की मला भाजायचं. कुणाला सरळ केस आवडत असतील तर त्यांनी खुशाल करावेत, त्यांच्या डोक्याच्या त्या मालकिणी. मला कुणी आवड विचारलीच नव्हती. मी रात्री मोबाईलवर शोधायला लागले. माझ्यासारख्या केसांच्या मुली दिसल्या, आपले केस हातात धरून दाखवणाऱ्या. शांपू कमी, ओलावा जास्त. फणी नाही, बोटं. जवस उकळून, जुन्या सुती ओढणीतून गाळून त्याचा चीक लावा. जवस! आमच्या घरात त्याची चटणी होती. मी हसले, आणि हसल्याचं सांगायला कुणी नव्हतं. करून मात्र बघितलं. मुळाशी वाढलेल्या बोटभर केसांनी तो चीक प्यायला आणि त्यांच्या छान गोल अंगठ्या झाल्या. खालचे केस काठीसारखे तसेच राहिले. त्यांच्यात जीवच उरला नव्हता. म्हणजे माझ्या केसांत खोट कधी नव्हतीच.

तरीही मी मुळं पिनांनी चापून, खालचे सरळ केस मोकळे सोडून दुकानात जातच होते. घरी पैसे जायला हवे होते. हिंमत एका दिवसात येत नाही.

मग ते घर परत आलं. आता मुलीचं लग्न. त्याच आजी, गादीवर सगळ्यांच्या पुढं. मी पुढच्या आरशासमोर. त्यांनी मला ओळखलं नाही. पदर घ्यायला मी वाकले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरच्या मोकळ्या केसांवरून हात फिरवला.

"काय केस हायेत पोरीचे. रेशमागत." मग तोच प्रश्न, तीच माया. "कुणाची गं तू?"

माझ्याआधी वहिनी बोलल्या. "आपल्यातलीच आहे, आजी." आणि माझ्याकडे बघून हसल्या. उपकार केल्यासारख्या.

त्या हसण्यानं मला सगळं लख्ख दिसलं. कुंकू लावून हात धुतला तेव्हा मी निदान मी तरी होते. इथं मला पुसूनच टाकलं होतं, आणि वर मी खूश व्हावं अशी अपेक्षा होती. क्रीमनं केस जाळले, ते मी सोसलं. पण आई, बाप, कॅनॉलपलीकडची वस्ती, हे सगळं मी एका शब्दात हरवू द्यायचं? एका बस्त्यासाठी?

"न्हाई आजी," मी म्हणाले. घरची बोली आपोआप आली. "मी यवतची. कॅनॉलपलीकडची. मागं तुम्ही ज्या केसांना कुंकू लावलं आन् मग हात धुतला, ती मीच."

हात तिथल्या तिथं थांबला. मग निघाला. या वेळी पाणी मागितलं नाही. गादीच्या कडेला बोटं घासली फक्त, कुणाला दिसू नये अशी. मला दिसली. त्या उठल्या, मग सगळं घर उठलं. चहाचे कप भरलेले राहिले. बस्ता समोरच्या दुकानात गेला.

"अक्कल आहे का तुला?" वहिनी ओरडल्या. "उद्यापासून गोडाऊन. आणि टच-अप केल्याशिवाय पुढं यायचं नाही."

"टच-अप करणार नाही," मी म्हणाले. "गोडाऊनलाही जाणार नाही. काढायचं तर काढा. पण केसांचं नाव सांगून काढू नका. खरं काय ते तोंडानं बोला."

त्या साड्यांच्या घड्या आवरायला लागल्या. त्यांनी कधीच बोलायचं नसतं, तशी वेळच येत नाही त्यांच्यावर. काउंटरवर ब्लाउजपीस कापायची कात्री होती. मी ती घेतली आणि मोठ्या आरशासमोर उभी राहिले. जिथं माझं संपून पार्लरचं सुरू होत होतं तिथं कात्री लावली. बटांमागून बटा पांढऱ्या गादीवर पडल्या. मुली बघत होत्या. माझ्या बाजूला येऊन कुणी उभं राहिलं नाही. अर्धं डोकं झालं होतं तेव्हा रस्त्यावरून कुणाला दिसू नये म्हणून एकीनं आरशावरचा दिवा बंद केला. उरलेलं मी अंधारात चाचपून कापलं.

सकाळी वहिनींचा फोन आला. "सध्या माणसं जास्त झालीत गं." झालं. तेवढंच कारण.

आता मी घरी आहे. केस बोटभर आहेत, गोल, दाट, माझ्या बापाचे. आई फणीला हात लावत नाही. ओल्या केसांत बोटं घालून टोकाकडून गुंता सोडवते, आणि जवसाची चटणी खायची का डोक्याला लावायची म्हणून कुरकुरते. कानामागची जागा मोकळीच आहे. तिथं केस येणार नाहीत. मी ती झाकत नाही.

यवतला, दौंडला दुकानांतून काम विचारत फिरते. लोक आधी केसांकडे बघतात, मग हळूच गाव विचारतात. कुणी अजून हो म्हटलेलं नाही. मी मात्र गाव विचारायची वाट बघत नाही. दारातच सांगते, कॅनॉलपलीकडची आहे.

माझ्या केसांत आता कुणा परक्याचा हात असाच जाणार नाही. नमस्काराला नाही आणि कौतुकालाही नाही. आधी मी कोण ते ऐकायचं. ऐकून ज्याचा हात पुढंच राहील, त्यानंच तो लावायचा.