आईच्या खालची अक्षरं

टीव्हीसाठी माहितीपट करता करता माझे केस पांढरे झाले. मिठागरं, हत्तींचा दवाखाना, वीणा घडवणारे कारागीर. कुणी काही सुचवावं आणि मी कॅमेरा घेऊन हजर. माणसांना बोलतं करण्यात माझा हातखंडा, असं मीच मिरवायची. मग महाराष्ट्रातल्या एका चॅनेलने तंजावूरच्या मराठी माणसांवर फिल्म मागितली, आणि मी घरच्या घरी आईलाच कॅमेऱ्यापुढे बसवलं.

आईचा जन्म तंजावूरचा, तिच्या आजीचाही. बाजारात तमिळ, घरात मराठी. देवनागरी तिला वाचता येत नाही. मीही ती कामापायी शिकले. पण आपली मराठी अस्सल, हा तिचा तोरा काय सांगू! पुण्याहून कुणी आलं की त्याच्याच चुका काढायची. रेशमी साडी नेसून, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी कशी करतात ते तिने अगदी रंगून सांगितलं.

चॅनेलवाल्यांनी फिल्म पाहून फोन केला. "आजी गोड आहेत हो, पण आमच्या प्रेक्षकांना कळायचं नाही. खाली मराठी सबटायटल द्या."

मराठीखाली मराठी! चांगलं खडसवायला हवं होतं. पण पुढचं काम हातचं जाईल म्हणून मूग गिळून बसले, आणि आईचं एकेक वाक्य 'शुद्ध' करून मीच टाइप केलं.

फिल्म लागली त्या संध्याकाळी आईने शेजारणी गोळा केल्या होत्या. पडद्यावर आधी चॅनेलची पुण्याची निवेदिका, मग आई आली आणि तिने मला कोपराने ढोसलं.

"खालीं काय लिव्हलें आहे गे?"

"तू बोलतेस तेंच."

"मग लिव्हायचें कशास? त्या निवेदन करणाऱ्या बाईच्या खालीं तर कांही नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिनेच तोड काढली. "म्हातारी झालें मी. आवाज बारीक झाला. लोकांस ऐकूं येईना म्हणून लिव्हलें असेल, होय ना?"

"होय," मी म्हणाले. वर सुटल्यासारखंही वाटलं, त्याची लाज तर अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पापनाशमच्या मावशीशी ती फोनवर ओरडून बोलत होती. आता माझ्याशीही तशीच बोलते. घसा बसतो, खोकला येतो, तरी मधेच थांबून विचारते, "आतां ऐकूं येतें ना गे?"