सोमवार पाळणारे मासे

"काचेर मारूं नाकात. आंत माणसां आसत."

हे म्हणताना तो गिऱ्हाइकाचं मनगट हवेतच धरायचा. डिचोली बाजारात त्याचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, पाहायच्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही काचेवर टकटक करायला हात उचलला आणि तो पकडला गेला. आता, आमच्या जत्रेच्या नाटकात मी वीस वर्षं खलनायक करतो. मनगटं धरणं हे माझं काम! पण त्या पकडीपुढे माझी पकड म्हणजे निव्वळ सोंग. शिरगावच्या खाणीवर उभा जन्म टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवलेला हात होता तो. खाणी बंद पडल्या, गड्याने टिपर विकला आणि काचेच्या टाक्या मांडल्या. एवढा दांडगा माणूस बोटाएवढ्या माशांपुढे कुजबुजत बोलायचा. तुम्ही पाहायला हवं होतं!

"आवाजान तेंचें काळीज धडधडता," तो म्हणाला. "आतां सांगा पात्रांव, कितें जाय?"

पात्रांव म्हणजे मालक. तो सगळ्यांनाच पात्रांव म्हणायचा आणि कुणाचंच ऐकायचा नाही.

मासे हवे होते आईसाठी. बाबा गेल्यापासून ती त्यांच्या रिकाम्या खुर्चीमागच्या भिंतीकडे पाहत बसायची. बोलणं 'होय' आणि 'नाही' एवढंच उरलं होतं. भिंत काही पाडता येत नाही. म्हटलं, निदान तिथे पाहण्यासारखं काहीतरी ठेवू.

मी थाटात पात्रनिवड सुरू केली. "तो लांब पंखांचा एंजल राजा. ते पट्टेवाले टायगर बार्ब सैनिक. फायटर अर्थात खलनायक. आणि हे चमकणारे निऑन नाचायला!"

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एंजल वाडलो काय निऑन गिळटलो. बार्ब एंजलाचे पंख कुडतडटले. फायटर एकटोच बरो. पयल्याच अंकांत तुमचें नाटक सोंपलें, पात्रांव."

"मग तू काय देतोस?"

"पाणी."

थट्टा नव्हे. टाकी, वाळू, फिल्टर आणि तीन झाडं देऊन त्याने मला वाटेला लावलं. दगडाला दोऱ्याने बांधलेलं जावा फर्न, लाकडावर बसवलेलं अनुबियास आणि गवतासारखं लांब वालिस्नेरिया. "हीं झाडां मारूंक गेल्यार लेगीत मरचीं नात. फकत पयल्या दोगांचें मूळ वाळूंत पुरूं नाकात, कुसता. आदीं पाणी, मगीर मासो. म्हयन्यान येयात."

महिनाभर आमच्या घरी रिकाम्या टाकीची शोभा! शेजारी विचारत, "मासे गेले कुठे?" मी म्हणे, "मेकअप चाललाय."

महिन्याने त्याने मी बाटलीत भरून नेलेलं टाकीचं पाणी तपासलं आणि आठ निऑन, चार कोरी दिले. कोरी म्हणजे तळ उकरणारे मिशाळ मासे. "दोन मागूं नाकात. गोतावळो जाय तेंकां. एकटो पडलो काय झुरता."

मी मासे आईसाठी नेत होतो, हे त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी आई अख्खं वाक्य बोलली. "पळय रे, तो मिशाळ आमच्या भटजीसारको दिसता!" मी स्वयंपाकघरात जाऊन नाचलो. बायको म्हणाली, "निऑन कमी पडले वाटतं."

आणि मग तो सोमवार आला.

सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे नुस्त्याचा, मासळीचा, वासही वर्ज्य. खाणं घालायला आईने डबी उचलली आणि बायकोने सहज वाचून दाखवलं की त्यात माशांची पूड आहे. आईने डबी खाली ठेवली. सोमवारी आपल्या हाताने नुस्तं? नाव नको! पण मुकी बाळं उपाशी कशी ठेवायची? तिने मूठभर शीत, आपला मऊ भात, प्रेमाने टाकीत सोडला. दुपारी आणखी मूठभर.

संध्याकाळी मी फोंड्याहून आलो तेव्हा टाकीत पेज झाली होती. बाराही मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आई टाकीकडे पाठ फिरवून पुन्हा कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "तुज्या बापायच्या तोंडांत शेवटचो घांस माज्याच हातचो. आतां हांच्याय."

मी माशांच्या दुकानात फोन केला. तो शटर ओढून स्कूटरवर दोन कॅन पाणी घेऊन आला. मी घाबरून टाकी मोरीत ओतायला निघालो, तर पुन्हा मनगट धरलं. "सगळें न्हय! अर्धें. सगळें बदल्लें काय आतांच मरतले."

नळी लावून त्याने शीत न् शीत ओढून काढलं, दुकानातलं मुरलेलं पाणी हळूहळू भरलं. मग कपाळ पुसत सरळ बाबांच्या खुर्चीवर बसला. वर्षभर त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं.

"काकी, सोमार पाळटात?"

"पाळटां."

"मगे तेंकांय पाळूंक दियात. आठवड्याक एक उपास माशांक बरोच. सोमारा कांयच नाका, नुस्तेंय ना, शीतय ना. हेर दिस, मंगळार ते आयतार, एक चिमूट. पूण तीय तुमच्याच हातान."

आई उठली आणि तिने त्याच्यासाठी चहा ठेवला.

सकाळी मी जागा झालो तो तिच्या मोजण्याने. "धा, इकरा, बारा!" पुन्हा मोजले, पुन्हा बारा. मी अंथरुणातच टाळ्या वाजवल्या. आत्तापर्यंत मिळवलेल्या सगळ्या टाळ्यांपेक्षा त्या खऱ्या होत्या.

आता त्याचं दुकान नाही. खाण पुन्हा सुरू झाली तशी त्याने टाक्या गिऱ्हाइकांत वाटल्या आणि दुसऱ्याच्या टिपरवर बसला. आमच्या घरापुढच्या वळणावरून खनिजाचे ट्रक जातात. प्रत्येक जण हॉर्न ठोकतो, भांडी हादरतात. दिवसातून दोनदा एक टिपर मात्र वेग कमी करून मुकाट सरकतो.

"गेलो तो," आई टाकीपुढच्या खुर्चीतून सांगते.

"न बघता कसं कळलं?"

"हॉर्न खंय वाजलो?" ती म्हणते, आणि बोटांत धरलेली चिमूट पाण्यावर सोडते.