पुढेच राहणारे

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको कृष्णाकाठच्या उसातल्या वाटेने सायकली काढतो. हे कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर असतात, मलाही अहो-जाहोच करतात. या वाटेवर एक वाहन नसतं, तरी हे घंटी वाजवत पुढेच. मला कधी पुढे जाऊ देत नाहीत. मला ती मिजास वाटायची.

परवा वळणावर घंटी थांबली. त्यांनी हात आडवा केला. समोर भलीमोठी मगर वाटेवर आडवी पसरली होती.

“पाठ फिरवू नगा. सायकल मागं घ्या, हळू.”

आम्ही तसेच मागे सरलो. मगर वळणाआड दिसेनाशी झाल्यावर सायकली गावाकडे वळवून ते म्हणाले, “आता तुमी म्होरं व्हा.”

मी जीव खाऊन पायडल मारलं. मागे घंटी गप्प होती. वळून बघायचा धीर होईना. गावची कमान दिसली तेव्हा कुठे ती वाजली, आणि ते नेहमीसारखे पुढे झाले.