मुनाफ चौगुले, ड्रम धुणारा

नालासोपाऱ्यात तुळिंजच्या आमच्या इमारतीत मुनाफभाई चौगुले समोरच्याच दारात राहायचे. मूळ गाव खेड तालुक्यात, खाडीकाठी. आवाज हळू, चालणं हळू. हातांची कातडी मात्र कोपरापर्यंत सोललेली, जागोजाग पांढरी पडलेली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कॉस्टिकचं काम आहे. खातं ते."

काम कामण गावात होतं. भिवंडी रस्त्यावरच्या गोदामांमागे परेश नावाच्या माणसाची पत्र्याची शेड होती. कारखान्यांतले रिकामे निळे ड्रम तिथे यायचे. कशात रंग असायचा, कशात ॲसिड, आणि कितीतरी ड्रमांवरचं लेबल इतकं सोललेलं असायचं की आत काय होतं ते कोणालाच सांगता येऊ नये. मुनाफभाई ते धुवायचे. धुवण मागच्या चरातून ओढ्यात जायचं. असं चौदा वर्षं चाललं होतं. परेश वाईट माणूस नव्हता. मुनाफभाईंच्या बायकोचं, खैरुनभाभींचं, ऑपरेशन झालं तेव्हा तीन दिवस हॉस्पिटलात बाकावर बसून होता.

मुनाफभाई पाच वेळचे नमाजी. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय तोंड धुण्यासाठी, त्यांना एक लोटा पाणी पुरायचं. लहानपणी गावच्या नदीवर त्यांनी ओंजळी भरभरून पाणी उडवलं, तेव्हा वडिलांनी हात धरला होता. "नदी वाहती असली तरी वजूला पाणी जपून घ्यायचं, असं पैगंबरांनी सांगितलंय." ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. शेडमध्ये दिवसाला हजारो लिटर पाणी उपसायचे, ते मात्र त्यांना कधी या शिकवणीशी जोडावंसं वाटलं नव्हतं. ते काम होतं, हा दीन होता, धर्म.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये शेडची बोअरची मोटर जळली. टँकर दुपारपर्यंत आला नाही. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ होत आली, म्हणून खाली पाणी निवळलेलं असेल असं समजून मुनाफभाई लोटा घेऊन ओढ्याच्या काठाने निघाले. चौदा वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदाच जात होते. अर्ध्या किलोमीटरवर ओढा वळतो, तिथे भाताची खाचरं आणि थोडी वांगी-मिरची होती. एका डबक्याशी ते वाकले, तोच मागून बाईचा आवाज आला.

"ओ बाबा! त्या पान्यात हात घालू नको!"

त्या आनंदीबाई. साठीच्या, कासोटा घातलेल्या, हातात विळा.

"वजू करायचीय, बाई. नमाजाला."

"ते पानी देवाला चालंल का? वरती कोन मेले डरम धुतात. माझी म्हस हितं बसायची रोज. गाभन होती. फेस आला तोंडाला, चार दिवस तडफडली. डाक्टर म्हनाला, इषारी काय पोटात गेलं." मग त्यांच्या लोट्याकडे बघून म्हणाल्या, "थांब. घरचं देते."

त्यांनी हंड्यातलं पाणी आणून लोट्यात ओतलं. गावच्या नळाला दिवसाआड पाणी येत होतं, तो हंडा त्यातलाच होता. मुनाफभाईंनी त्या पाण्याने वजू केली, आंब्याखाली रुमाल पसरून नमाज पढला, "अल्ला तुमचं भलं करो" म्हणाले आणि निघून आले. ते डरम कोण धुतो, हे मात्र बोलले नाहीत.

ही हकीकत त्यांनी मला आठवड्याने सांगितली. त्या आठवड्यात ते नीट जेवले नव्हते. "विलासभाऊ," ते म्हणाले, "उन्हाळ्यात ओढ्याला स्वतःचं पाणी असतं कुठे? जे वाहतं ते आम्हीच सोडलेलं. आणि ती बाई मलाच त्यापासून वाचवत होती."

शुक्रवारी ते मशिदीतल्या मौलानांकडे गेले. मौलाना रत्नागिरीकडचे, तरुण. आधी मुनाफभाईंनी आडून विचारलं, अशा पाण्याने वजू झाली असती का. मौलाना म्हणाले, घाणीने पाण्याचा रंग, वास, चव बदलली असेल तर होत नाही.

"आणि ते पाणी ज्याने बदललं, त्याचं काय?"

मौलाना म्हणाले, "तीन जागी घाण करून लोकांचे शाप घेऊ नका, असं हुजूर पैगंबरांनी सांगितलंय. पाणवठा, रस्ता आणि सावली. पण तुम्ही हे का विचारताय?"

मग मुनाफभाईंनी सगळं सांगितलं. मौलाना म्हणाले, "नमाज-रोज्यात चूक झाली तर ती अल्लाकडे मागून सुटते. माणसाचं नुकसान केलं असेल तर आधी त्या माणसाकडे जावं लागतं. तो माफ करेल तेव्हा."

"माणसाकडे जाईन. म्हैस मेली, तिच्याकडे कसा जाऊ?"

"मुक्या जनावरांच्या बाबतीत अल्लाला भिऊन राहा, असं फर्मान आहे," मौलाना सावकाश म्हणाले. "तिच्याकडून माफी मिळणार नाही. तिच्यासारख्या दुसऱ्यांसाठी काही करता आलं तर करा. ते कबूल होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मुनाफभाईंनी परेशला सांगितलं, धुवणासाठी टाकी बांध, ते ओढ्यात सोडू नको, नाहीतर मी काम सोडतो.

"टाकी बांधली तरी ते पाणी नेणार कुठे? मला परवडणार नाही, मुनाफभाई. आणि तुम्ही सोडलंत तर दुसरा कोणी धुवेल. ओढ्याला काय फरक पडणार?"

"ओढ्याला नाही पडणार," मुनाफभाई म्हणाले. "मला पडेल."

परेशने त्यांना दोनदा हाक मारली. ते थांबले नाहीत, पण रडत घरी आले, असं खैरुनभाभींनी मला सांगितलं.

आनंदीबाईंकडे एकट्याने जायचा धीर त्यांना होत नव्हता, म्हणून मी बरोबर गेलो. बाई ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. सून सीमा आत होती. मुनाफभाई उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, ते ड्रम मी धुवायचो. तुमची म्हैस माझ्यामुळे गेली. त्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही. मला माफ करा."

आनंदीबाईंचे हात थांबले.

"माझ्या हंड्यातलं पानी घेतलंस," त्या म्हणाल्या. "तवा माहीत व्हतं तुला?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

"मग घेतलंस कसं?"

आनंदीबाई सूप उचलून आत गेल्या. सीमाने दार लोटून घेतलं.

मी पंचायत समितीत नोकरी केलेली, अर्ज लिहायची सवय. परतल्यावर मुनाफभाईंनी मला तक्रारअर्ज लिहायला बसवलं. मी लिहिलं, 'अज्ञात इसम रसायनयुक्त पाणी सोडतात.' त्यांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "अज्ञात कशाला? माझं नाव घाला. चौदा वर्षं मी सोडलंय. परेशचंही घाला, पण माझ्यानंतर." मी समजावलं, तुम्हीच अडकाल. ते ऐकेनात. अर्ज तसाच प्रदूषण मंडळाकडे आणि पोलिसांकडे गेला. चकरा झाल्या, जबाब झाले, मुनाफभाईंना दोनदा दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. पाचव्या महिन्यात शेडला कुलूप लागलं. परेशने त्यांच्याशी बोलणं तोडलं. पुढे ऐकलं की ड्रम आता दुसऱ्याच कुठल्या खेड्यात धुतले जातात. कुठे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आनंदीबाईंच्या खाचराच्या कडेला एक जुनी विहीर होती, गाळाने भरलेली. पावसाळा संपल्यावर मुनाफभाई तिथे गेले आणि म्हणाले, "माफी मागायला आलो नाही. ही विहीर उपसू द्या. गुरांना पाणी होईल." आनंदीबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. ते उतरले. पहिले चार दिवस घमेलं स्वतःच भरायचे आणि स्वतःच शिडीने वर आणायचे. पाचव्या दिवशी सीमा आली आणि न बोलता दोर ओढू लागली. दीड महिना लागला. तळाला पाझर निघाला, तेव्हा त्यांनी आधी ते पाणी तीन दिवस उपसून टाकलं, मग तपासायला बाटली भरून नेली. ते चांगलं निघालं. काठाला विटा-सिमेंटचा हौद बांधला. मी म्हटलं, एक ड्रम अर्धा कापला असता तरी चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग नेमच झाला. सकाळी नालासोपाऱ्याहून रिक्षा-बस करत ते जायचे, हौद भरायचे, शेवाळ घासायचे, दुपारपर्यंत परत. उपजीविकेला संध्याकाळी एका बेकरीत बसायचे. हौदावर साऱ्या पाड्याची गुरं येऊ लागली, कुत्री यायची, बगळे यायचे. आनंदीबाई कधी चहा पाठवायच्या, पण माफीचं बोलणं त्यांनी काढलं नाही. मुनाफभाईंनीही काढलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्यांची छाती भरून आली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीपासूनच खराब आहेत. बारा दिवसांत गेले.

सीमाला मी फोन केला होता. जनाजा उचलायच्या आधी मौलाना रिवाजाप्रमाणे दारात उभे राहून म्हणाले, "मरहूमकडून कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचा हक्क राहिला असेल, तर आज त्यांना माफ करा." लोक नेहमीसारखे "माफ केलं, माफ केलं" पुटपुटले. तेवढ्यात जिन्यावरून आनंदीबाई वर आल्या. त्या पहिल्यांदाच तुळिंजला आल्या होत्या. धाप लागली होती. गर्दीने वाट दिली. त्या खैरुनभाभींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं काय राहिलं नाय याच्याकडं. माझं मी सोडलं. म्हशीचं काय ते तो आन् त्याचा देव बघून घेतील. मला तिच्या वतीनं बोलता येत नाय."

मौलानांनी मान खाली घातली. खैरुनभाभींनी आनंदीबाईंचा हात घट्ट धरला. मग आम्ही खांदा दिला.

आता हौद सीमा भरते. महिन्यातून एकदा मी जातो, काठावरचं गवत काढतो. ओढा अजून पुरता सुधारलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये त्याला वास येतो आणि गुरं त्या बाजूला वळत नाहीत.